ब्लड अगारवरचे हिमोलायसिस दर खेपेला वेगळे दिसते तेव्हा: आधी जनावर विचारा, मग जंतू

ब्लड अगार म्हणजे जंतू वाढवण्यासाठी रक्त मिसळून प्लेटमध्ये ओतलेले जेलीसारखे माध्यम, आणि त्यावर जंतूने तांबड्या पेशी फोडणे म्हणजे हिमोलायसिस. त्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. घशाच्या स्वॅबमधून स्ट्रेप्टोकॉकस निघतो. एका आठवड्याच्या प्लेटवर त्याच्या वसाहतींभोवती काचेसारखे स्वच्छ वर्तुळ पडते (याला बीटा म्हणतात), पुढच्या आठवड्याच्या प्लेटवर तसाच जंतू हिरवट छटा टाकून बसतो (आल्फा), आणि तिसऱ्या खेपेला प्लेट लालच्या लालच राहते (गॅमा). मग प्रयोगशाळेत पहिला संशय जंतूवर जातो, दुसरा स्ट्रीक करणाऱ्याच्या, म्हणजे नमुना प्लेटवर पसरवणाऱ्याच्या, हातावर, तिसरा अगारच्या डब्यावर. प्लेटमध्ये मिसळलेले रक्त कोणाचे होते, ते कसे आणले आणि किती दिवस ठेवले, हे सर्वांत शेवटी विचारले जाते. माझ्या अनुभवात मात्र दहांतल्या सात-आठ वेळा उत्तर तेथेच सापडले आहे.

मी बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी एका लहान रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे कल्चरचे, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचे, काम केले. सुरुवातीच्या काळात रक्तपेढीतून मुदत संपलेली पिशवी आणायची आणि त्याच रक्ताच्या प्लेटा ओतायच्या अशी आमच्याकडे रीत होती. रक्त फुकट मिळे, हाताशी असे, आणि प्लेट दिसायला छान लालभडक होई. एकदा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेल्या, कॅथेटर लावलेल्या एका वयस्कर गृहस्थांच्या लघवीच्या कल्चरमध्ये साखळीतले ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय आणि स्वच्छ बीटा हिमोलायसिस पाहून आम्ही ‘बीटा हिमोलायटिक स्ट्रेप्टोकॉकस’ असा अहवाल दिला. डॉक्टरांनी सेफॅलोस्पोरिन गटातील औषध सुरू केले. आठवडा उलटला तरी ताप हटेना, म्हणून नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत गेला आणि तेथून ‘एन्टेरोकॉकस फीकॅलिस, हिमोलायसिस नाही’ असा अहवाल आला. एन्टेरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन मुळातच चालत नाही. आम्ही चिडलो, त्यांनीच चूक केली असे ठरवून मोकळे झालो, आणि तोच जंतू पुन्हा आमच्याच प्लेटवर लावून पाहिला तर पुन्हा बीटा!

दोन्ही प्रयोगशाळांनी डोळ्यांना दिसले तेच लिहिले होते. त्यांच्या प्लेटमध्ये मेंढीचे रक्त होते, आमच्या प्लेटमध्ये माणसाचे. एन्टेरोकॉकसचे काही वाण सायटोलायसिन नावाचे विष सोडतात. ते माणूस, घोडा आणि ससा यांच्या तांबड्या पेशी फोडते, मेंढीच्या पेशींना मात्र त्याची बाधा होत नाही. आमचा अपराध हिमोलायसिस पाहण्यात झाला नव्हता. बाइल एस्क्युलिन आणि साडेसहा टक्के मिठाच्या ब्रॉथमधली (द्रव माध्यमातली) वाढ या एन्टेरोकॉकस ओळखणाऱ्या दोन स्वस्तातल्या चाचण्या न लावता केवळ वर्तुळावरून जंतूचे नाव ठरवण्यात झाला होता.

वर्तुळ कशाचे मोजमाप असते

हिमोलायसिस हा एकट्या जंतूचा गुण मानण्याची सवय पाठ्यपुस्तकातील तक्त्यांनी लावली आहे. ह्यूगो शॉटमुलर यांनी १९०३ मध्ये रक्त मिसळलेल्या अगारवर स्ट्रेप्टोकॉकसांचा भेद दाखवला आणि जेम्स ब्राउन यांनी १९१९ मध्ये आल्फा, बीटा व गॅमा ही नावे रूढ केली. तेव्हापासून आपण ‘हा जंतू बीटा आहे’ असे सरसकट बोलतो. प्रत्यक्षात प्लेटवर दिसते ती जंतूचे विष आणि समोरच्या जनावराची तांबडी पेशी यांच्यातली झटापट, आणि पेशी बदलली की तिचा निकाल बदलू शकतो.

पेशीच्या पटलात कोणती स्निग्ध द्रव्ये किती आहेत, यावर पुष्कळ अवलंबून असते. मेंढी, शेळी, गाय या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या तांबड्या पेशींच्या पटलातील फॉस्फोलिपिडांपैकी जवळजवळ निम्मा भाग स्फिंगोमायलिनचा असतो, माणसात तो साधारण चौथा हिस्सा भरतो आणि घोड्यात त्याहूनही कमी. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे बीटा टॉक्सिन नेमके हेच स्फिंगोमायलिन तोडते, त्यामुळे मेंढीच्या रक्तावर ते ठळक काम करते आणि घोड्याच्या रक्तावर जवळजवळ दिसत नाही. त्याच स्टॅफिलोकॉकसचे आल्फा टॉक्सिन सशाच्या पेशी चटकन फोडते आणि माणसाच्या पेशींपुढे ढिले पडते.

याचा एक गमतीदार परिणाम पशुवैद्यकीय नमुन्यांत दिसतो. कासदाह झालेल्या म्हशीच्या दुधातला स्टॅफिलोकॉकस मेंढीच्या रक्तावर लावला, तर आत अरुंद स्वच्छ कडे आणि बाहेर रुंद, धूसर, गढूळ पट्टा असे दुहेरी वर्तुळ बहुधा पडते. प्लेट ३७ अंशांवरून काढून काही तास फ्रिजमध्ये ठेवली की बाहेरचा धूसर पट्टाही निवळतो. माणसाच्या गळवातल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये हे दुहेरी वर्तुळ अनेकदा नसते, कारण माणसांत आढळणाऱ्या बहुतेक वाणांत बीटा टॉक्सिनच्या जनुकामध्येच एक जीवाणूभक्षक विषाणू घुसून बसलेला असतो आणि जनुक निकामी झालेले असते. ज्याला हे ठाऊक नाही तो दुधाच्या प्लेटवर दोन जंतू मिसळले आहेत असे समजून दोन दिवस शुद्ध कल्चर काढत बसतो. मीही बसलो आहे.

पहिले काम: ओळखीचा जंतू लावणे

वर्तुळ बिघडले की रुग्णाच्या जंतूशी झगडत बसू नये. त्याच खेपेच्या दोन न वापरलेल्या प्लेटा काढाव्यात, एक नुसतीच रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवावी आणि दुसरीवर ओळखीचे जंतू लावावेत. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचा ए.टी.सी.सी. (अमेरिकेतील संदर्भ-जंतूंचा संग्रह) १९६१५ हा वाण बीटासाठी आणि स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनीचा ए.टी.सी.सी. ६३०५ हा आल्फासाठी सर्वत्र वापरात आहे. आपल्या देशात चंडीगडच्या एम.टी.सी.सी. संग्रहाकडूनही संदर्भ-जंतू मागवता येतात. ते परवडत नसतील तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने पक्की ओळख पटवलेला जंतू विनंतीने आणून सांभाळावा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे मराठवाड्यात हे अंतर कोणालाही फार नाही.

न लावलेल्या प्लेटवर काही उगवले तर रक्तच दूषित होते. ओळखीचा पायोजेनिस नीट उगवला पण वर्तुळ पडले नाही, तर दोष रक्ताच्या जातीत, गोठणविरोधी द्रव्यात किंवा बेसमध्ये (रक्त घालण्याआधीच्या मूळ माध्यमात) आहे. तो उगवलाच नाही, किंवा टाचणीच्या टोकाएवढ्या दुबळ्या वसाहती आल्या, तर रक्तात जंतूला मारणारे काहीतरी आहे. आणि ओळखीचा जंतू चोख वागला, तर मगच रुग्णाच्या जंतूकडे संशयाने पाहावे. या एका रात्रीच्या कामाने पुढचे आठवड्याचे डोके फोडणे वाचते.

प्लेट पाहण्याचीही रीत आहे. टेबलावर पडलेल्या प्लेटकडे वरून पाहून आल्फा की बीटा हे ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम. झाकण काढून प्लेट खिडकीच्या उजेडासमोर धरावी, लूपने (तारेच्या कडीने) एका वसाहतीला बाजूला सारावे आणि तिच्याखालच्या जागेतून पलीकडची अक्षरे वाचता येतात का ते पाहावे. आल्फामध्ये तेथे हिरवट-तपकिरी गढूळपणा राहतो, कारण जंतूने सोडलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे हिमोग्लोबिनचे रूप बदललेले असते, पेशी पूर्ण विरघळलेल्या नसतात.

माणसाचे रक्त का टाळावे

रक्तपेढीतील पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट, आणि पेशी जगाव्यात म्हणून डेक्स्ट्रोज घातलेले असते. डेक्स्ट्रोज म्हणजे साखर. जंतू ती आंबवून आम्ल तयार करतो, त्या आम्लाने रक्ताचा रंग हिरवट-तपकिरी होतो, आणि बीटा जंतू आल्फासारखा दिसू लागतो. सायट्रेटमुळे काही बीटा स्ट्रेप्टोकॉकसांची वाढही दबू शकते. त्यातही ३५ दिवसांची मुदत संपलेल्या पिशवीतल्या पेशी म्हाताऱ्या व काही फुटलेल्या असतात, त्यामुळे प्लेटची पार्श्वभूमीच गढूळ येते.

याहून मोठी अडचण दात्याच्या प्रतिपिंडांची आहे. मोठ्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी घशाचा स्ट्रेप्टोकॉकस होऊन गेलेला असतो. त्याच्या प्लाझ्मात स्ट्रेप्टोलायसिन-ओ या विषाविरुद्धची प्रतिपिंडे फिरत असतात, तीच जी आपण ए.एस.ओ. चाचणीत मोजतो. ती प्लेटमध्ये मिसळली की जंतूचे विष पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवले जाते. दात्याने त्या आठवड्यात प्रतिजैविक घेतले असेल तर तेही सोबत येते. एका पिशवीच्या प्लेटा उत्तम आणि दुसऱ्या पिशवीच्या कुचकामी निघतात, त्याचे हेच कारण. आणि एच.आय.व्ही., कावीळ ब व क यांच्या चाचण्या झालेल्या रक्तातही धोका शून्य होत नाही. लूप तापवताना उडणारे शिंतोडे आपल्याच तोंडावर येतात, हे विसरू नये.

सी.बी.सी.साठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) आलेल्या नळ्यांतले उरलेले रक्त एकत्र करून प्लेटा ओतण्याची युक्ती मला एकदा एका खासगी प्रयोगशाळेत अभिमानाने दाखवण्यात आली होती. त्या नळ्यांत ई.डी.टी.ए. हे गोठणविरोधी द्रव्य असते आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सच्या आल्फा टॉक्सिनला कॅल्शियम लागते, स्टॅफिलोकॉकसच्या बीटा टॉक्सिनला मॅग्नेशियम. म्हणजे हत्यार काढून घेऊन सैनिकाला लढायला सांगण्यासारखे झाले. शिवाय ई.डी.टी.ए. स्वतःच काही जंतूंना जाचक असते. ही युक्ती पूर्णपणे सोडावी.

माणसाच्या रक्ताला एक-दोन ठिकाणी मात्र रास्त जागा आहे. योनीमार्गात सापडणारी गार्डनेरेला व्हजायनॅलिस माणसाच्या रक्तावर पसरट बीटा दाखवते आणि मेंढीच्या रक्तावर दाखवत नाही, म्हणून तिच्यासाठी मुद्दाम माणसाच्या रक्ताचे माध्यम वापरतात. व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकसचे हिमोलायसिस तपासणारी कानागावा चाचणीही माणसाच्या किंवा सशाच्या पेशींवर होते. पण तो समुद्राच्या मासळीतला जंतू, आमच्या बाकावर तो येत नाही.

मेंढी, शेळी, घोडा

घशाच्या स्वॅबसाठी मेंढीचेच रक्त घ्यावे, याला एक नेमके कारण आहे. मेंढीच्या रक्तात एन.ए.डी. तोडणारे विकर असते, आणि हिमोफिलस जातीच्या जंतूंना वाढायला एन.ए.डी. लागते. त्यामुळे घशात निरुपद्रवीपणे राहणारा हिमोफिलस हिमोलायटिकस मेंढीच्या प्लेटवर उगवत नाही. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तावर तो उगवतो, वर बीटा वर्तुळ पाडतो, आणि घाईत पाहणाऱ्याला पायोजेनिस वाटतो. हाच गुण दुसरीकडे दोष ठरतो: मेंदूज्वर झालेल्या मुलाच्या पाठीच्या पाण्यात हिमोफिलस इन्फ्लुएन्झी असेल तर मेंढीच्या ब्लड अगारवर तो सुटून जाईल, म्हणून तेथे चॉकलेट अगार (तापवलेल्या रक्ताचे माध्यम) हवेच. रक्त ७० ते ८० अंशांवर तापवल्याने पेशी फुटून आतले एन.ए.डी. बाहेर येते आणि ते तोडणारे विकरही निकामी होते.

स्ट्रेप्टोकॉकस अगलॅक्टी ओळखणाऱ्या कॅम्प चाचणीसाठीही मेंढीसारखेच रक्त लागते. क्रिस्टी, ॲटकिन्स आणि मुंच-पीटरसन यांनी १९४४ मध्ये वर्णन केलेल्या या चाचणीत स्टॅफिलोकॉकसच्या बीटा टॉक्सिनने अर्धवट दुबळ्या केलेल्या पेशी स्ट्रेप्टोकॉकस अगलॅक्टीचा कॅम्प घटक पूर्ण फोडतो आणि दोन रेघा जेथे जवळ येतात तेथे बाणाच्या टोकासारखी स्वच्छ जागा पडते. बाण दिसत नाही अशी तक्रार आली, तर प्लेट घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्ताची आहे का हे आधी विचारावे. त्यानंतर वापरलेला स्टॅफिलोकॉकस खरोखर बीटा टॉक्सिन सोडणारा आहे का, ते पाहावे.

आता मराठवाड्यातला नेहमीचा प्रश्न: मेंढी नसेल तर शेळी चालेल का? धनगरांचे दख्खनी मेंढ्यांचे कळप पावसाळ्यानंतर फिरतीवर निघतात आणि आज डोंगराच्या कुशीत दिसलेला कळप आठवड्याने कोठे असेल याचा भरवसा नसतो; उस्मानाबादी शेळी मात्र प्रत्येक वस्तीवर दाराशी बांधलेली असते. शेळी ही रवंथ करणारी आणि मेंढीच्या जवळची असल्याने तिच्या पेशींचे पटलही तसेच स्फिंगोमायलिनने भरलेले असते, आणि माझ्या बाकावर पायोजेनिस, न्यूमोनी, कॅम्प हे तिन्ही शेळीच्या रक्तावर मेंढीइतकेच वाचता आले. फरक आहे तो पेशीच्या नाजूकपणाचा. शेळीची तांबडी पेशी जेमतेम ३ ते ४ मायक्रॉनची, माणसाच्या पेशीच्या निम्मी, आणि क्षारांचे प्रमाण थोडे ढळले तरी फुटणारी असते. त्यामुळे शेळीचे रक्त ढवळताना हात हलका ठेवावा लागतो आणि बाटली मेंढीच्या रक्तापेक्षा लवकर संपवावी लागते. बदल करायचा असेल तर महिनाभर मेंढी व शेळी अशा दोन्ही प्लेटांवर तेच नमुने लावून, नोंदी शेजारी शेजारी लिहून मगच करावा.

घोड्याबद्दल थोडक्यात. माळेगावच्या यात्रेत घोडे कितीही उतरोत, आपल्या प्रयोगशाळांना घोड्याचे रक्त नियमित मिळणे अवघड आहे. प्रतिजैविकांच्या चाचणीत मात्र या फरकाची जाणीव हवी: अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थांपैकी अमेरिकेतील सी.एल.एस.आय.च्या पद्धतीत स्ट्रेप्टोकॉकससाठी म्युलर हिंटन अगारमध्ये ५ टक्के मेंढीचे रक्त घालतात, तर युरोपातील युकास्टच्या पद्धतीत ५ टक्के घोड्याचे रक्त आणि लिटरला २० मिलिग्रॅम एन.ए.डी. एका पद्धतीची प्लेट आणि दुसऱ्या पद्धतीचा तक्ता अशी सरमिसळ झाली की औषधाच्या चकतीभोवतीच्या मोकळ्या जागेच्या, मिलिमीटरमध्ये काढलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कोट्रायमोक्साझोलच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण माध्यमातील थायमिडीन हे द्रव्य कोट्रायमोक्साझोलचा परिणाम झाकते आणि घोड्याच्या रक्तातील विकर ते थायमिडीन नाहीसे करते.

रक्त कोठून, किती, कसे

खाटकाकडून बादलीत आलेले रक्त वापरू नये. ते निर्जंतुक नसते, जनावराला कोणता आजार होता ते कळत नाही, आणि शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला हातावरच्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतो. रक्त पशुवैद्याच्या हातूनच, नियमांप्रमाणे परवानगी असलेल्या ठिकाणाहून आणि निरोगी जनावराचे घ्यावे. आमच्या भागात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये असल्याने निदान सल्ला तरी हाताशी आहे.

हिशेब सोपा आहे. साधारण २० मिलिलिटरच्या प्लेटला ५ टक्क्यांनी १ मिलिलिटर रक्त लागते. आठवड्याला ४० प्लेटा म्हणजे पंधरवड्याला ८० मिलिलिटर. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात दोन लिटरच्या आसपास रक्त असते आणि एका वेळी त्याच्या दशांशाहून अधिक काढू नये, त्यानंतर तीन-चार आठवडे विश्रांती द्यावी. म्हणजे ठरलेल्या दोन मेंढ्या आलटून पालटून घेतल्या तर लहान प्रयोगशाळेचे भागते, जनावरालाही जाच होत नाही, आणि दर खेपेला तेच जनावर असल्याने प्लेटांत सारखेपणा येतो.

यात एक खाच आहे आणि ती आम्हाला महागात पडली होती. एका पावसाळ्यात सलग दोन आठवडे आमच्या प्लेटांवर पायोजेनिस उगवेना. स्टॅफिलोकॉकस उगवे पण मरगळलेला. बेस बदलला, पाणी बदलले, ऑटोक्लेव्हचा दाब तपासला. शेवटी मेंढपाळाला विचारले तेव्हा त्याने सहज सांगितले की खुरांना जखमा झाल्या म्हणून रक्त काढण्याच्या आधी ‘ती पिवळी सुई’ टोचून घेतली होती. ती ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची सुई. तेव्हापासून प्रत्येक खेपेला आम्ही एक साधी परीक्षा करतो: स्टॅफिलोकॉकस पसरलेल्या प्लेटवर कोऱ्या कागदी चकतीला नव्या रक्ताचा वरचा द्रव लावून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती मोकळी जागा दिसली तर ती बाटली बाजूला काढतो. पायोजेनिस हा स्टॅफिलोकॉकसपेक्षा नाजूक असल्याने शक्य असेल तर त्याच्यावरही पाहावे.

रक्तातले फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे तंतू) काढायला काचेच्या मण्यांचा निर्जंतुक फ्लास्क लागतो. रक्त आत पडताच फ्लास्क गोल गोल, एकाच चालीने फिरवायचा. सुरुवातीला मण्यांचा खळखळ आवाज येतो. पाच-सात मिनिटांत तो जड, ओला होतो, कारण मण्यांना पांढरट चिकट तंतू गुंडाळले जातात. आवाज बदलल्यावरही दोन-तीन मिनिटे फिरवत राहून मग रक्त वरच्यावर दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावे. घाईने गचके देऊन हलवले तर फायब्रिन निघते पण पेशीही फुटतात. थोडे रक्त नळीत उभे ठेवून पाहावे: वरचा द्रव फिकट पिवळा असला तर ठीक, लालसर असला तर त्या रक्ताच्या प्लेटवर बीटा वर्तुळ उठून दिसणार नाही.

बाहेरगावहून रक्त येत असेल तर थर्मोकोलच्या डब्यात बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नये; कागदाचे जाड वेष्टण मध्ये हवे. आमची एक बाटली एस.टी.च्या शेवटच्या बाकावर, बर्फात रुतून, खड्ड्यांचे हादरे खात आली आणि उघडली तेव्हा द्राक्षारसासारखी पारदर्शक झाली होती. फ्रिजमध्येही ती बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. रक्त २ ते ८ अंशांत ठेवावे, गोठवू नये, आणि दुपारी तासन्‌तास वीज गेल्यावर फ्रिजचे तापमान किती चढले याची नोंद घ्यावी.

बेस, ओतणे आणि मे महिना

ब्रेन हार्ट इन्फ्यूजन अगारमध्ये ग्लुकोज असते. जंतू त्यावर जोमाने वाढतो, म्हणून काहीजण हौसेने तोच बेस घेतात, आणि वर सांगितलेल्या आम्लाच्या कारणाने वर्तुळ बिघडवून बसतात. ट्रिप्टिक सोय किंवा ब्लड अगार बेस घ्यावा, सामू ७.३ च्या आसपास असावा. बेस ४५ ते ५० अंशांपर्यंत निवल्यावरच रक्त घालावे; फ्लास्क गालाला लावून पाहण्याची जुनी सवय थंडीत फसवते आणि उन्हाळ्यात आणखी फसवते, पाण्याच्या टाकीत थर्मामीटर सोडावा. प्लेट चेरीसारखी लाल न येता विटकरी आली तर रक्त शिजले आहे. फार जाड प्लेटवर वर्तुळ झाकले जाते, फार पातळ प्लेटवर अवाजवी मोठे दिसते. तयार प्लेटा पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्या तरी दोन-तीन आठवड्यांच्या पुढे वापरू नयेत.

पायोजेनिसचे स्ट्रेप्टोलायसिन-ओ हवेतील ऑक्सिजनने निकामी होते, पृष्ठभागावर दिसते ते मुख्यतः स्ट्रेप्टोलायसिन-एस चे काम. ज्या मोजक्या वाणांत ‘एस’ नसते ते वरून गॅमासारखे दिसतात. म्हणून स्ट्रीक झाल्यावर लूप तिरका धरून अगारमध्ये दोन-तीन ठिकाणी खुपसावा. त्या चिरांत ऑक्सिजन कमी असल्याने खरे वर्तुळ तेथे दिसते. न्यूमोकॉकसचे (स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनीचे) उलटे आहे: हवेत तो आल्फा दाखवतो, ऑक्सिजनविरहित बरणीत ठेवला तर बीटा. प्लेट कोठे उबवली हे न विचारता निकाल वाचू नये.

आणि मे महिना. आमच्याकडे दुपारी पारा ४२ अंशांवर जातो, पत्र्याच्या छताखालची खोली त्याहून तापते, आणि साध्या इनक्युबेटरमध्ये केवळ तापवण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. खोलीच इतकी तापलेली असताना ३७ वर लावलेला काटा शोभेपुरता असतो. ज्या वर्षी हे लक्षात आले त्या वर्षी उन्हाळ्यातले सर्व विचित्र निकाल एकाच रकान्यात बसले. थंड करणारे यंत्र असलेले बी.ओ.डी. इनक्युबेटर हा खरा उपाय. तो येईपर्यंत आम्ही इनक्युबेटर उत्तरेकडच्या खोलीत हलवला, तेथे कूलर लावला आणि आतल्या थर्मामीटरचा आकडा दुपारी तीन वाजता लिहायला सुरुवात केली.

नोंदवहीत आम्ही चार रकाने वाढवले आहेत: जनावर व त्याचा क्रमांक, रक्त काढल्याची तारीख, मागील महिन्यात दिलेले औषध, आणि चकतीच्या परीक्षेचा निकाल. अहवालात हिमोलायसिसपुढे ‘मेंढीच्या रक्तावर’ किंवा ‘शेळीच्या रक्तावर’ असे शब्द लिहितो. एकदा एका डॉक्टरांनी हसून विचारले की रुग्णाला मेंढीशी काय देणेघेणे, तेव्हा त्यांना त्या लघवीच्या अहवालाची हकीकत सांगावी लागली. प्लेटच्या बुडाला, काठाजवळ, निळ्या मार्करने ‘में २’ किंवा ‘शे १’ असे लिहिलेले असते. झाकणावर लिहीत नाही. झाकणे धांदलीत बदलतात.